आन् चार दिसांनंतर?

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, बालाघाटच्या कडेला एक गाव आहे. दिवाळीपर्यंत ते भरलेलं असतं आणि दिवाळीनंतर रिकामं. भाऊबीज उरकली की ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडी, पीठ, सरपण, कोंबड्या, कोयते आणि लेकरं अशी सगळी भरताड होते आणि टोळ्या ऊसतोडीला निघतात. कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे, कुणी पार कर्नाटकात. मागे उरतात म्हातारी माणसं, दारांना लावलेली कुलपं आणि शाळेच्या पटावरची नावं.

त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत एक सर बदलून आले. शिकवायचे गणित, पण जीव खो-खोत. कॉलेजात असताना ते जिल्ह्याकडून खेळलेले. शाळा आठवीपर्यंतची, क्रीडाशिक्षकाचं पद नाही. शारीरिक शिक्षणाचा तास वेळापत्रकात होता, पण त्या तासाला मुलं मैदानातले दगड वेचायची. सरांनी त्याच दगडांचा कडेने बांध घातला, तलावातला गाळ आणून पसरला, पाणी मारलं, रोलर नव्हता म्हणून लोखंडी पिंप भरून फिरवलं आणि बाभळीचे दोन खांब तासून रोवले. फक्कीच्या रेषा पडल्या आणि संध्याकाळी मुलींची गर्दी व्हायला लागली.

सर त्यांना सारिका काळेची गोष्ट सांगत. आपल्याच धाराशिवची मुलगी. जवळजवळ दहा वर्षं दिवसाला एकच वेळ जेवून खेळली. 2016 साली दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकलं आणि 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. गोष्ट संपली की सर म्हणत, "बघा, परिस्थिती कशीही असू द्या. जिद्द असली की माणूस पोचतो." मुली माना डोलवत आणि उठून धावायला लागत.

त्यांतली एक सहावीतली. पटावरचं नाव वेगळं, पण गाव तिला भिंगरी म्हणे. खो-खोत पाठलाग करणारीला उलट फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारीला मात्र सगळं रान मोकळं. या मोकळिकीचा उपयोग करायला डोकं लागतं. बाकीच्या मुली जीव घेऊन पळत. भिंगरी बघून पळे. बसलेल्या आठ जणींतली कोण टाचा उचलून बसलीय, कोण गाफील आहे, पुढचा खो कुणाला मिळणार, हे तिला आधी कळायचं आणि ती नेमकी त्या मुलीच्या पाठीमागून निसटायची. अडीच-तीन मिनिटं संरक्षण करून नाबाद यायची आणि श्वास लागलेला असतानाच विचारायची, "सर, किती?"

सरांच्या हातात एक जाड वही असे. प्रत्येकीच्या नावापुढे रकाने आखलेले: उंची, पन्नास मीटरची धाव, खांब, सूर, संरक्षणाची वेळ. 2022 च्या पावसाळ्यात त्यांनी तालुका जिंकला, ऑक्टोबरात जिल्हाही. मुख्याध्यापकांच्या कपाटावर चषक आला. विभागीय स्पर्धा नोव्हेंबरच्या अखेरीस होती. त्यापुढे राज्य. सरांनी झोपेतसुद्धा खांबावरचे सूर मोजायला सुरुवात केली.

मध्ये दिवाळी आली.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मैदानात उतरणाऱ्या नऊपैकी पाच मुली नव्हत्या. भिंगरीही त्यांत होती. सरांना ऊसतोड ठाऊक नव्हती असं नाही. जिल्हा जिंकलेल्या मुलीला तिचे आईबाप नेतील, हे मात्र त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्यांनी मुकादमाकडून कारखान्याचा पत्ता घेतला आणि शनिवारी शाळा सुटल्यावर एसटी पकडली.

सांगलीकडच्या एका कारखान्याच्या आवारामागे कोप्यांची रांग होती. बांबू वाकवून वर चटया आणि प्लॅस्टिक टाकलेलं. सर पोचले तेव्हा रविवारची सकाळ होती, पण तिथे रविवार नव्हता. पहाटे चारला माणसं फडावर गेली होती. भिंगरी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन चुलीत चिपाडं सारत होती. सरांना पाहून ती हसली, पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि त्यांना फडाची वाट दाखवली.

बापाने कोयता खाली ठेवला, घाम पुसला, सरांना वाढ्यांच्या भाऱ्यावर बसवलं.

"चार दिवसांचा प्रश्न आहे," सर म्हणाले. "विभागीय स्पर्धा. मी स्वतः नेतो, स्वतः आणून सोडतो. मुलगी राज्याला जाईल."

"न्या की," बाप म्हणाला. "पोरीची हौस हाय, मला का दिसत न्हाई? पण हिशोब ऐका, गुरुजी. टनाला दोनशे त्र्याहत्तर रुपये. आमी दोघं मिळून दोन टन पाडतो. का पाडतो? ती तिकडं लेकराला बघती, भाकरी थापती, पाणी आणती, म्हणून. ती गेली की हिची आई कोपीवर बसंल. माझा कोयता अर्धा होईल. लाखाची उचल अंगावर हाय. खाडा कोण भरणार?"

"मी भरतो." सरांनी खिशात हात घातला.

बापाने त्यांचं मनगट धरलं. रागाने नाही. "ऱ्हाऊ द्या. चार दिसांचा खाडा तुमी भराल. भल्या माणसासारखं भराल. आन् चार दिसांनंतर?"

"नंतर... आणून सोडतो म्हटलं ना."

"म्हंजी पुन्हा हितंच." बाप थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मग तिला ते दाखवायचं तरी कशाला?"

सर गणिताचे शिक्षक होते. त्या रांगड्या हिशोबात त्यांना चूक सापडेना. ते एकटेच परतले. विभागीय स्पर्धेत आयत्या वेळी उभ्या केलेल्या मुलींचा संघ पहिल्याच सामन्यात डावाने हरला.

परत आल्यावर सरांचा राग शाळेच्या स्वयंपाकखोलीत निघाला. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचं अर्धं आयुष्य फडावर गेलेलं. पाठ गेली तेव्हा कोयता सुटला.

"मावशी, मी ठरवलंय. पुढच्या वर्षी ज्यांची घरं दिवाळीनंतर उघडी असतात, त्यांच्याच मुली संघात घेणार. बाकीच्यांवर मेहनत म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

मावशींनी सुपातून मान वर केली नाही. "घ्या की. पण ज्यांची घरं उघडी हायती त्यांना खेळ न्हाई मिळाला तरी काय अडतंय? ट्यूशन हाय, मामाचं गाव हाय. ह्या पोरींना दुसरं काय हाय?"

सर गप्प बसले. मावशींनी विचारलं, "तुमी त्या वहीत सारखं काय लिवता?"

सरांनी भिंगरीचं पान उघडून वाचून दाखवलं. उंची इतकी, पन्नास मीटर इतक्या सेकंदांत, सूर चांगला, संरक्षण उत्तम.

"बरं. आन् तिच्या घरात कोण कोण हाय, ते कुठं लिवलंय?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"तुमी ती सारिकाची गोष्ट सांगता," मावशी म्हणाल्या. "एक वेळ जेवून खेळली म्हणता. पण ती एकदा खेळ सोडून घरात बसली व्हती म्हणं. तिला पुन्हा मैदानावर कुणी आणलं?"

हे सरांना माहीत होतं. 2016 मध्ये घरच्या ओढगस्तीला कंटाळून सारिकाने खो-खो सोडायचं ठरवलं होतं आणि तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घालून तिला परत मैदानावर आणलं होतं. सरांना ते पाठ होतं, पण गोष्ट सांगताना ते नेहमी गाळलं जायचं. जिद्दीची गोष्ट सांगायला सोपी असते. समजूत घालायला घरी गेलेल्या माणसाची गोष्ट सांगितली, तर ऐकणाऱ्याला आपणही कुणाच्या तरी घरी जावं लागतं.

त्या हिवाळ्यात, रिकाम्या गावात, सर संध्याकाळी एकेका घरी जायला लागले. वहीत आणखी एक रकाना आला: घरी कोण?

भिंगरीच्या घरी आजी होती. मग लेकरं आजीजवळ का राहत नाहीत? आजीनेच सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चुलीवर हात भाजून घेतलेला. दीड वर्षाचं पोर अंगणातून रस्त्यावर गेलं तर तिला दिसणार नाही, म्हणून सुनेने पोर नेलं. आणि पोराला सांभाळायला कुणी तरी हवं, म्हणून भिंगरीला नेलं. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. सरांनी विचारलं नव्हतं म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या घरी आजी नव्हती, दारू पिणारा चुलता होता. त्याच्या भरवशावर मुलगी कोण ठेवणार? तिसऱ्या घरी मुलगी वयात आली होती आणि एकटी ठेवायची तर गाव काय म्हणेल, ही धास्ती होती. चौथीचे आईबाप म्हणाले होते, शाळेत दुपारी जेवण मिळतं, पण रात्रीच्या भाकरीचं काय? पाच मुली, पाच वेगळ्या गाठी. सरांनी आजवर या सगळ्यांना मिळून गरिबी असं एकच नाव दिलं होतं आणि हात टेकले होते. गरिबी सरांना सुटण्यासारखी नव्हती. मोतीबिंदू सुटण्यासारखा होता.

तेव्हा पुढच्या मोसमाची तयारी मैदानावर सुरू झाली नाही, ती धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात झाली. तिथे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फुकट होते. आजी तयार होईना. "आता ह्या वयात डोळं घिऊन काय करू?" मावशी तिच्यासोबत दोन रात्री राहिल्या. पट्टी निघाल्यावर घरी येऊन आजीने सगळ्यात आधी आढ्याची जळमटं पाहिली आणि सुनेच्या नावाने बोटं मोडली. दुसरा डोळा पावसाळ्यात झाला.

रात्रीच्या भाकरीचा मार्गही होता. स्थलांतर करणाऱ्यांची मुलं गावातच राहून शिकावीत म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुलांना सकाळ-संध्याकाळ जेवण मिळतं. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो, मुलांची यादी लागते, आणि हे सगळं हंगामाच्या आधी लागतं. दिवाळीला जागं झालं की उशीर होतो. सरांनी जुलैतच यादी केली. शाळेची एक खोली मुलींना झोपायला ठरली. तिथे रात्री मावशी राहणार होत्या, म्हणून वयात आलेल्या मुलीच्या घरची धास्ती निम्मी झाली. अंगणवाडीच्या ताईंनी भिंगरीच्या धाकट्या भावाला दिवसभर बसू द्यायचं कबूल केलं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मावशींनी सांगितली. "बापाशी उचल घ्यायच्या आदी बोला. उचल घेतली की माणूस मोकळा ऱ्हात न्हाई." मुकादम पोळ्याच्या आगेमागे पैसे वाटतो. एकदा कोयते मोजून पैसा घेतला की कोण जाणार, कोण राहणार, हे ठरून गेलेलं असतं. त्यामुळे सर श्रावणातच भिंगरीच्या ओट्यावर जाऊन बसले.

बापाने त्यांना उभं-आडवं तपासलं.

"पोर आजारी पडली तर?"

"आरोग्य केंद्रात मी नेईन. तुम्हाला त्याच दिवशी फोन."

"लेकरू रातच्याला आईसाठी रडलं तर?"

"रडेल," आजी म्हणाली. "तू बी रडायचास. म्या बघीन. आता मला दिसतंय."

"आन् मार्चात आमी आल्यावर?"

"मार्चात तिची परीक्षा असेल. तुम्ही आलात तरी ती शाळेतच असेल."

"आन् त्याच्यानंतर?"

"आठवी होईपर्यंत मी आहे," सर म्हणाले. "पुढचं आज मला माहीत नाही. पण तुम्ही दर वर्षी विचारा. मला उत्तर शोधावं लागेल."

बापाने बायकोकडे पाहिलं. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "थोरलीला ठेवायची तर बारक्याला बी ठेवावं लागंल. मला जमंल का?" तो प्रश्न सरांसाठी नव्हता. त्याचं उत्तर तिने स्वतःच दोन दिवसांनी दिलं. 2023 ची दिवाळी झाली, ट्रक आले, आणि भिंगरी पहिल्यांदाच ट्रकमध्ये न चढता रस्त्यावर उभी राहिली. धाकटा ट्रकमागे धावला. आजीने त्याला चार पावलांत गाठून उचलला.

पुढचे पाच महिने सरांनी जे केलं त्याला प्रशिक्षण म्हणायचं की संसार, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सकाळी सराव, त्यानंतर भिजवलेले हरभरे आणि गूळ. संध्याकाळी शाळेतच अभ्यास. रविवारी सरांच्या फोनवरून एकेकीला आईबापांशी बोलायला मिळे. मोठ्या मुली छोट्यांच्या ताया झाल्या. प्रत्येक ताईकडे एक धाकटी. शाळेतही खाड्याचा नियम आला. जी सकाळी आली नाही, तिच्या घरी तिच्या ताईने दुपारच्या सुट्टीआधी जाऊन यायचं. फडावर खाड्याला दंड असतो. इथे फक्त चौकशी होती. ताप आहे का, पाळी आली का, घरी भांडण झालं का. भिंगरी ताई म्हणून कडक निघाली. तिची धाकटी सलग दोन दिवस आली नाही तेव्हा ती तिच्या घरी जाऊन बसली आणि ती आल्याशिवाय उठली नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. संघातली सगळ्यात थोरली मुलगी आठवी पास होऊन शाळेतून गेली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिल्याचं सरांना लग्नानंतर कळलं. तिच्या नावापुढच्या रकान्यात, 'घरी कोण?' याखाली, फक्त 'आई, मोठा भाऊ' असं लिहिलेलं होतं. भाऊ कर्जात बुडाला आहे हे कुणी विचारलं नव्हतं. सरांनी ते नाव खोडलं नाही. त्यापुढे एक शेवटचा रकाना आखला: पुढे काय? आणि चाइल्ड लाइनचा 1098 हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर, मुलींच्या डोळ्यांच्या उंचीवर रंगवून घेतला.

चषकाचं म्हणाल, तर त्या वर्षी संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात हरला. शेजारच्या तालुक्यातला संघ सरस होता, एवढंच. पुढच्या ग्रामसभेत एक जण उठलाच. "मागच्या मोसमात खर्च नव्हता तर कप होता. आता एवढा खटाटोप केला, कप कुठाय?"

सरांनी हजेरीपट आणला होता. ते काही सांगणार, तेवढ्यात मावशी उठल्या. ग्रामसभेत त्या कधी बोलत नसत. "कप कपाटावर ऱ्हातोय," त्या म्हणाल्या. "पोरी कुठं ऱ्हात व्हत्या ते विचारा. त्या वर्साला कप जिंकलेल्या पाच पोरी फडावर भाकरी थापत व्हत्या. औंदा त्यातली एक बी गेली न्हाई." विचारणारा बसला. त्याची स्वतःची पुतणी त्या पाचांत होती.

पुढच्या वर्षी आणखी तीन घरांतून विचारणा झाली, आमचीही ठेवता का? सरांनी हो म्हणण्याआधी प्रत्येक घरी वही नेली.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. 19 तारखेला अंतिम सामना. योगायोगाने रविवार, फोनचा दिवस. शाळेच्या खोलीत मुली दाटीवाटीने बसल्या. प्रियंका इंगळेच्या भारतीय संघाने नेपाळला 78–40 असं हरवलं तेव्हा मावशींना वाटलं, छत उडतंय. त्यानंतर भिंगरीने बापाला फोन लावला. तिकडे कोपीतही चार-पाच जणांनी एका मोबाइलवर सामना पाहिला होता. बाप म्हणाला, "नेपाळच्या पोरी बी लई चपळ हायत्या. तू त्यांच्यासारखी वाकायला शीक." ज्या माणसाने कधी पूर्ण सामना पाहिला नव्हता, तो आता लेकीला संरक्षणाचे धडे देत होता.

त्या उन्हाळ्यात भिंगरी आठवी पास झाली आणि सरांनी दिलेला शब्द संपत आला. नेमक्या त्याच वेळी शहरातल्या एका निवासी प्रशिक्षण केंद्राचे प्रशिक्षक गावात आले. त्यांनी तिला एका निवड चाचणीत पाहिलं होतं. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, महिने झाले होते, आईबाप घरीच होते. ओट्यावर घोंगडी अंथरली, चहा झाला.

प्रशिक्षक माणूस जाणता होता आणि मनापासून बोलत होता. मुलीत गुण आहेत, सतरा वर्षांखालच्या संघात हमखास बसेल, पुढे राष्ट्रीय स्पर्धा, दहावीला सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. सगळं खरं होतं. बाप ऐकत राहिला. सरही ऐकत राहिले. आजवर या ओट्यावर प्रश्न विचारायचा मान बापाचा होता. सगळ्यांना वाटलं, तोच विचारणार.

विचारलं भिंगरीने.

"सर, पाय मोडला तर?"

"अं?"

"खेळताना पाय मोडला आणि मी सहा महिने खेळू शकले नाही, तर मला तिथे राहू देणार का? शाळा चालू राहील का?"

प्रशिक्षकांनी सरांकडे पाहिलं. सर दुसरीकडे बघत होते.

"आणि दुसरं," ती म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह बंद होतं ना? दिवाळी झाली की आमच्या घराला कुलूप लागणार. आता आजी थकलीय, तीही आत्याकडे जाणार आहे. उन्हाळ्याचं ठीक, आई-बाबा येतात. पण दिवाळीनंतर चार-आठ दिवस सुट्टी असली, तर मी कुठे जायचं?"

प्रशिक्षकांना उत्तर येईना. "या पोरीला हे कुणी शिकवलं?" त्यांनी हसत विचारलं.

"आमीच," बाप म्हणाला. तो हसत नव्हता.

प्रशिक्षक तेव्हा काही कबूल न करता परतले. गावातल्या एकदोघांनी सरांना सुनावलं, पोरीने हातातली संधी घालवली, मोठ्या माणसाला कुणी असं विचारतं का? सरांनाही पुढचे आठ दिवस झोप लागली नाही. भिंगरी मात्र रोज सरावाला येत राहिली.

नवव्या दिवशी प्रशिक्षकांचा फोन आला. शाळा बारावीपर्यंत त्याच आवारात आहे, दुखापत झाली तरी शाळा आणि वसतिगृह दोन्ही चालू राहील, तसं लेखी देतो, असं त्यांनी सांगितलं. दिवाळीचं मात्र त्यांना शोधावं लागलं होतं. त्यासाठी त्यांनी केंद्रातल्या सगळ्या मुलींना पहिल्यांदाच विचारलं की सुट्टीत तुम्ही कुठे जाता? तेव्हा कळलं की आणखी दोघींच्या घरांना दिवाळीनंतर कुलूप असतं. एक जालन्याकडची, एक बीडची. दोघी इतकी वर्षं कुणा ना कुणा लांबच्या नातेवाइकाकडे दिवस काढत होत्या आणि तिथल्या घरकामातून सुट्टीनंतर थकून परत येत होत्या. सुट्टीनंतर त्यांचा खेळ ढासळतो, याची नोंद प्रशिक्षकांच्या वहीत होती. कारण नव्हतं. आता सुट्टीतही वसतिगृहाच्या दोन खोल्या उघड्या राहणार होत्या आणि एक ताई सोबत असणार होत्या.

भिंगरीने उत्तरं ऐकली, आईकडे बघितलं आणि म्हणाली, "मग जाते."

भिंगरी राज्याच्या संघात गेली का, भारताकडून खेळली का, हे गोष्ट सांगणाऱ्याला अजून सांगता येणार नाही. ती नववीत आहे. पण त्या गावात ऑगस्ट आला की सर, मावशी आणि आता समितीतली चार माणसं, वही घेऊन घरोघर जातात. मुकादमाच्या आधी पोचायचं असतं, म्हणून जरा घाई असते.

तात्पर्य: गुणी मूल शोधायला एक शर्यत पुरते आणि त्याला मैदानावर आणायला एक शिट्टी. पण ज्याच्या घराला अर्धं वर्ष कुलूप असतं, त्या मुलाला खेळाची गोडी लावून सोडून देणं म्हणजे त्याच्या दुःखात भर घालणं आहे. मुलाचा हात धरण्याआधी त्याच्या घरी कोण आहे, हे विचारावं. आणि विचारलं की उत्तर आपल्या अंगावर घ्यावं. पदक ही त्या कामाची पावती असेलच असं नाही. ते मूल पुढच्या वर्षीही वर्गात आणि मैदानात दिसलं, आणि आपल्यालाच उलट प्रश्न विचारण्याइतकं धीट झालं, तर काम बरं चाललं आहे असं समजावं.